बॅज लागत नाही, असं सांगणाऱ्या मेसेजबद्दल

परवा रात्री बहिणीचा फोन आला. आवाजात आनंद होता. भाचा सोमवारपासून कुणाची तरी टूरिस्ट गाडी चालवणार, एअरपोर्टच्या ट्रिपा मिळणार. मी विचारलं, "अगं, पण त्याचा बॅज कुठे आलाय अजून?" तर म्हणाली, "दादा, आता लागत नाही म्हणे. कोर्टाने सांगितलंय." बॅज म्हणजे टॅक्सी-रिक्षासारखी प्रवासी गाडी चालवणाऱ्याला आरटीओ देतं तो बिल्ला. पोराने त्यासाठी अर्ज करून तीन महिने झालेत, घरी बसून कंटाळलाय, हे मला कळतं. पण त्याने ज्या मेसेजच्या भरवशावर किल्ली हातात घेतली तो मेसेज मी वाचला आणि रात्रभर डोळा लागला नाही. दुसऱ्या दिवशी तोच मेसेज सोसायटीच्या ग्रुपवर आणि गावच्या ग्रुपवरही आला. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

मेसेजचा गोषवारा असा: सुप्रीम कोर्टाने टॅक्सी-रिक्षाचा बॅज रद्द केला, साधं लायसन्स पुरे. आरटीओत बॅजचं काम पाच मिनिटांचं, पैशासाठी मुद्दाम सहा-सहा महिने लटकवतात. अर्जाची पावती खिशात असली की गाडी चालवता येते. पोलीस पडताळणी नुसती नावापुरती. आठवी पासचा दाखला नसेल तर तोही मिळेल. आणि शेवटी एक मोबाइल नंबर: आठ दिवसांत बॅज घरपोच.

बॅज रद्द झाला असेल तर हा माणूस घरपोच काय देतोय? एवढा एक प्रश्न शंभर माणसांच्या ग्रुपमध्ये कुणालाच पडला नाही, याचा मला राग आहे.

आता कोर्टाचं. यात अर्धं सत्य आहे, ते मान्य करतो. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने रंभादेवी प्रकरणात निकाल दिला. हलक्या मोटार वाहनाचं लायसन्स असणारा माणूस साडेसात हजार किलोपर्यंतचं व्यावसायिक वाहनही चालवू शकतो, त्यासाठी लायसन्सवर वेगळी नोंद लागत नाही. २०१७ च्या मुकुंद देवांगन निकालातही हेच होतं. भांडण विमा कंपन्यांचं होतं. चालकाच्या लायसन्सवर 'ट्रान्सपोर्ट' लिहिलेलं नाही, म्हणून आम्ही भरपाई देणार नाही, असं त्या म्हणत होत्या. म्हणजे वाद लायसन्सच्या वर्गाचा होता. प्रवासी वाहनाच्या चालकाचा बॅज आणि गणवेश यांचे नियम करायचा अधिकार मोटार वाहन कायद्याच्या कलम २८ ने राज्य सरकारला दिलाय, आणि तो त्या निकालाचा विषयच नव्हता. 'ट्रान्सपोर्टची नोंद लागत नाही' याचं कुणीतरी 'बॅज लागत नाही' केलं आणि ते व्हॉट्सॲपवर सोडून दिलं.

सगळ्यात जास्त संताप आला तो पोलीस पडताळणीच्या वाक्याचा. नावापुरती म्हणे! डिसेंबर २०१४ मध्ये दिल्लीत उबरच्या एका चालकाने रात्री घरी निघालेल्या तरुणीवर बलात्कार केला. त्या माणसावर आधीही बलात्काराचा आरोप झालेला होता. तरी त्याच्याकडे चांगल्या वर्तणुकीचा पोलीस दाखला होता, आणि तपासात तो दाखला बनावट निघाला. पुढच्या वर्षी त्याला जन्मठेप झाली. पण ती मुलगी ज्या कागदाच्या भरवशावर त्या गाडीत बसली, तो कागद असाच कुणीतरी 'करून दिलेला' होता. मेसेजमधला नंबरवाला आज नेमकं तेच विकतोय.

मी अठरा वर्षं बॅज लावून टॅक्सी चालवली. रात्री दीड वाजता स्टेशनबाहेर एकटी बाई गाडीचं दार उघडते तेव्हा ती आपलं तोंड बघून बसत नाही. या माणसाची कुठेतरी नोंद आहे, कुणीतरी त्याला तपासलंय, एवढ्याच विश्वासावर बसते. पडताळणीला वेळ लागतो, कारण ती आरटीओच्या हातात नसते. कागद पोलीस ठाण्यात जातो, तिथला हवालदार बंदोबस्त सांभाळून ते काम करतो, आणि पोरगा भाड्याच्या खोलीत राहून मूळ गाव दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर तिथूनही माहिती यावी लागते. हे लवकर व्हावं म्हणून आपण भांडू. ते होऊच नये, असं म्हणणाऱ्याने आधी आपल्या बहिणीला अशा गाडीत बसवून दाखवावं.

'पाच मिनिटांचं काम' हे ज्याने लिहिलं त्याने आरटीओत सकाळ काढलेली नाही. मोटार वाहन निरीक्षकाचा दिवस बघा: ट्रॅकवर लायसन्सच्या टेस्ट, मग रिक्षा-टेम्पो-बसचं पासिंग, अपघातातल्या गाडीची तपासणी, कधी रस्त्यावर गाड्या तपासणाऱ्या वायुवेग पथकाची ड्युटी. टेस्ट एकेकाचीच घ्यावी लागते, म्हणून ऑनलाइन स्लॉट मोजके निघतात आणि 'फुल' दिसतात. २०१७ साली राज्याने रिक्षा परमिटवरची मर्यादा उठवली आणि बॅजसाठी रांगा वाढल्या. त्याच वर्षी एमपीएससीने सहायक मोटार वाहन निरीक्षकांच्या ८३३ पदांसाठी परीक्षा घेतली. निकाल लागला, आणि भरती कोर्टात अडकली. इकडे अर्ज वाढत गेले, तिकडे निवड झालेली मुलं घरी बसून राहिली.

पैसे खाल्ले जात नाहीत, असं मी म्हणत नाही. मी स्वतः दिलेत, तरुणपणी, आणि अजून मनाला लागतं. एजंटाची फाइल वर आणि साध्या माणसाची खाली, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण खुर्ची रिकामी असली की खालच्या फाइली तशाच पडून राहतात, आणि त्यावरच एजंटाचं पोट भरतं. माणसं भरा, ही मागणी या मेसेजमध्ये कुठेच नाही, कारण माणसं भरली तर नंबरवाल्याचं दुकान चालायचं नाही.

पावतीचं वाक्य कुठून आलं असेल तेही सांगतो. कोविडमध्ये केंद्राने मुदत संपलेली लायसन्स ३१ ऑक्टोबर २०२१ पर्यंत ग्राह्य धरली होती. पुन्हा २०२४ च्या सुरुवातीला लायसन्सच्या ऑनलाइन कामाचं सारथी पोर्टल बंद पडलं, तेव्हा त्या काळात संपलेल्या लायसन्सना २९ फेब्रुवारीपर्यंत सवलत मिळाली. दोन्ही सवलती केव्हाच संपल्या. उलट मुदत संपल्यावर पूर्वी तीस दिवसांची जी मोकळीक होती, तीही २०१९ च्या दुरुस्तीने गेली. नवा अर्ज करणाऱ्याला तर यातलं काहीच कधी लागू नव्हतं. चालकाकडे वैध लायसन्स नसताना अपघात झाला, तर विमा कंपनी जखमीला पैसे देते आणि नंतर ते गाडीमालकाकडून वसूल करू शकते. सुप्रीम कोर्टाच्या २००४ च्या स्वर्णसिंग निकालापासून हे चालत आलंय. गाडीमालक ते पैसे कुणाच्या मानेवर बसून काढेल, हे बहिणीला वेगळं सांगावं लागलं नाही.

आठवी पासची अट केंद्राने २०१९ मध्येच काढून टाकली. खोटा दाखला विकत घ्यायचं कारणच उरलेलं नाही.

उशिराला कायद्यात उत्तर आहे, ते कुणी फॉरवर्ड करत नाही. २०१५ चा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम आहे. अधिसूचित सेवा आणि त्यांची मुदत कार्यालयात फलकावर लावावी लागते. मुदत उलटली की तीस दिवसांत पहिलं अपील करता येतं, त्यानंतर दुसरं, त्यानंतर लोकसेवा हक्क आयोग. चूक ठरली तर अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड होतो. अर्ज क्रमांक, तारीख आणि पोच एवढं जपून ठेवायचं.

भाच्याने काल गाडीची किल्ली परत दिली. चिडलाय माझ्यावर, बोलत नाहीये. सोमवारी त्याला घेऊन आधी पोलीस ठाण्यात जाणार आहे, कागद कुठे अडलाय ते बघायला, आणि तिथून आरटीओत, फलकावरची मुदत वाचायला. अपिलाची शेवटची तारीख बहिणीच्या घरातल्या कालनिर्णयवर लाल पेनाने लिहून येईन.