आजार म्हणजे देवाची आज्ञा मोडल्याची शिक्षा? बायबल तसे म्हणत नाही

‘ज्याच्या घरी आजार किंवा अपत्यहीनता, त्याने देवाची आज्ञा मोडलेली आहे, पाहा अनुवाद २८’ असा मेसेज सध्या फिरतो आहे. (‘अनुवाद’ हे बायबलमधील एक पुस्तक, २८ हा त्याचा अध्याय; खालचे संदर्भही असेच वाचा.) तो दिशाभूल करणारा आहे, आणि आधीच खचलेल्या माणसाला आणखी खचवणारा.

अनुवाद २८ मध्ये आज्ञाभंगाच्या परिणामांचा कडक इशारा आहे, हे खरे. पण तो देवाशी कराराने बांधलेल्या प्राचीन इस्राएल राष्ट्राला दिलेला आहे. शेजाऱ्याच्या आजारावरून त्याचे पाप ओळखण्याची ती कसोटी नव्हे.

योहान ९ उघडून बघा. जन्मांध माणसाला पाहून शिष्य विचारतात, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? येशू दोन्ही नाकारतो. लूक १३ मध्ये शिलोहाचा बुरूज कोसळून मेलेले अठरा जण इतरांपेक्षा जास्त अपराधी नव्हते, असे तो स्पष्ट सांगतो. अपत्यहीनतेबद्दल म्हणाल, तर जखऱ्या आणि अलीशिबा या पतिपत्नीला लूक निर्दोष म्हणतो आणि लगेच पुढे सांगतो, त्यांना मूल नव्हते. आजार आणि दुःख सोसणाऱ्या ईयोबाला दोषी ठरवणाऱ्या मित्रांवर तर शेवटी देवच रागावतो.

मग आज्ञाभंग म्हणजे काय? उत्पत्ती ३ मध्ये आदाम आणि हव्वा यांनी मना केलेले फळ खाण्याआधी देवाच्या शब्दाविषयी संशय शिरतो. आधी विश्वास तुटतो, मग नियम. त्यानंतर लपलेल्या आदामाला देव हाक मारतो: ‘तू कोठे आहेस?’ ख्रिस्ती विचारात आज्ञाभंग गंभीरच आहे, पण त्याला लागूनच ही हाकही आहे. मेसेजमध्ये ती कुठेच नाही.

कृपया तो पुढे पाठवू नका. आजारी माणसाला पाठवला असेल, तर त्याला फोन करून हे सांगा.