काय खावंसं वाटतंय ते नंतर विचारा, आधी सांगा रांधणार कोण

सातवा महिना लागलाय, बाहेर ऑक्टोबर तापलाय आणि रोज कुणा ना कुणाचा फोन येतोच. आधी तब्येतीची चौकशी, मग 'काय खावंसं वाटतंय?' प्रश्न प्रेमाचा असतो, त्याचा मला राग नाही. पण मी काही सांगितलं, समजा अळूवडी म्हटलं, की पुढचं वाक्य ठरलेलं असतं. 'मग कर की, आणि खा पोटभर!'

इथेच माझं घोडं अडतं. डोहाळे माझे आणि ते पुरवणारीही मीच?

गरोदर बाईने काय खावं नि काय खाऊ नये यावर आपल्याकडे शेजारणीपासून रिक्षावाल्या काकांपर्यंत सगळ्यांना मत असतं. पपई नको, अननस नको, तीळ उष्ण, बाजरी उष्ण, केळं थंड. (पपईचं मी डॉक्टरांना विचारलं. कच्ची अजिबात नको, पूर्ण पिकलेली फोड-दोन फोडी चालेल म्हणाल्या. मावससासूबाईंना हे सांगितल्यावर त्यांनी डॉक्टरांची डिग्री कुठली ते विचारलं.) पण हे सगळं रांधायचं कुणी, यावर सगळी मंडळी चिडीचूप. माझं म्हणणं असं की शेवटच्या तीन महिन्यांत बाईचा सगळ्यात मोठा डोहाळा म्हणजे आयतं ताट. त्याला केशर लागत नाही. ओट्यापाशी दुसरं माणूस लागतं.

पहिल्या वेळी मी पहिलटकरीण होते, तेव्हा लाडच लाड होते. झोपाळा सजवला, फुलांचे दागिने घातले, दोन वाट्यांखाली पेढा आणि बर्फी लपवून मला एक उघडायला लावली. दुसरेपणी डोहाळेजेवण करायची आमच्याकडे पद्धत नाही, आणि त्याची मला हौसही नाही. पण लाडांसोबत काळजीही आटोपती घेतली जाते, ते खुपतं. 'तुला काय, अनुभव आहे!' अहो, अनुभवाने पाठ दुखायची थांबते का? उलट आता पाच वर्षांचा एक माणूस सकाळपासून गाऊनला लोंबकळत असतो. त्याला डब्यात रोज वेगळं काहीतरी हवं असतं आणि शेवटी तो तूप-साखर पोळीच खातो.

दोन पोळ्या लाटायला असं काय लागतं म्हणणाऱ्यांसाठी जरा सविस्तर सांगते. ओटा असतो साधारण कमरेच्या उंचीला. सातव्या महिन्यात ओट्यापाशी पोट आधी पोचतं आणि हात मागे राहतात. मग वाकून लाटायचं तर माकडहाडापासून कळ येते. आडवं उभं राहून एका कुशीवर भार टाकून लाटायचं तर पोळीचा नकाशा होतो. त्यात हा उकाडा. पाऊस परत गेलाय, आभाळ लख्ख मोकळं, जमीन अजून ओलसर, म्हणजे वरून ऊन आणि खालून वाफ. गॅसपाशी पंखा लावता येत नाही, ज्योत फडफडते. चौथी पोळी फुगेपर्यंत पाठ भिजलेली असते, आणि संध्याकाळी घोट्यावर बोट दाबलं तर खळी तशीच राहते.

शेवटी मी पोळपाट उचलून जेवणाच्या टेबलावर नेला आणि खुर्चीत बसून लाटायला लागले. लाटायचं मी, भाजायचं नवऱ्याने. एवढ्या साध्या गोष्टीसाठी घरात दोन दिवस चर्चा झाली, कारण टेबलावर पीठ सांडतं. सांडू दे की, पुसणारे हात आहेत ना घरात.

आपल्या सणांची गंमत बघा. आयुर्वेदात शरद म्हणजे आश्विन-कार्तिक, पित्त उसळण्याचा ऋतू. या दिवसांत पित्त शमवणारं, हलकं खावं असं सांगतात. आणि आपल्या स्वयंपाकघराचं वेळापत्रक काय? पितृपक्षातले वडे झाले की नवरात्रातला साबुदाणा, आणि तो उतरतो न उतरतो तोच दिवाळीची तळणं. आधीच वाढलेल्या पोटामुळे जठर वर ढकललेलं, आंबट पाणी घशाशी आलेलं, रात्री दोन उशांवर टेकून झोपायचं. त्यात समोर दाण्याचं कूट घातलेली तुपातली खिचडी.

नवरात्रात उपवास करायचा की नाही, यावर सासूबाईंशी वाद होणार म्हणून मी तयारीत होते. त्यांनी हवाच काढून घेतली. घट बसवायच्या आदल्या संध्याकाळी म्हणाल्या, "तू जेव व्यवस्थित. देवीला दोन जिवांचा उपवास नको असतो. मी धरते." त्यांनी माझ्यासाठी नऊही दिवस ज्वारीची भाकरी केली, आणि स्वतः भगर नि दाण्याची आमटी खाल्ली. मावससासूबाईंचा मात्र फोन आलाच. 'आम्ही नऊच्या नऊ दिवस निर्जळी-फराळी सगळं केलं, काही झालं नाही.' झालं नसेलही. पण त्या काळी हिमोग्लोबिन मोजलं कुणी होतं?

हिमोग्लोबिनवरून आठवलं. माझं थोडं कमीच आलं, आणि त्यात मी एकटी नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या गरोदर बायकांपैकी ५२.२ टक्के रक्तक्षयी निघाल्या. म्हणजे निम्म्याहून जास्त. आमच्या शाळेत एक सहकारी होती, तिला दिवस असताना पाटीवरची पेन्सिल खावीशी वाटायची. पोरांच्या दप्तरातून मागून खायची, आम्ही हसायचो. असल्या इच्छा बऱ्याचदा लोह कमी असल्याची खूण असतात, हे मला आत्ता कळलं. डोहाळा म्हणून कौतुक करायच्या आधी रक्त तपासून घ्यावं.

लोहाच्या गोळीचंही एक तंत्र आहे. चहासोबत घेतली तर फुकट जाते, कॅल्शियमच्या गोळीसोबतही नको. लिंबू पिळलेलं काहीतरी बरोबर असलं तर चांगली लागू पडते. आमच्याकडे दुपारच्या जेवणावर चहा ही जवळजवळ धार्मिक बाब आहे, तो तास-दीड तास पुढे ढकलायला मला जी मुत्सद्देगिरी करावी लागली ती विचारू नका. गोळीने पोट बांधलं जातं, त्यावर रात्री पेरू. आणि सासूबाईंनी माळ्यावरून लोखंडी कढई काढली. तिच्यात अंबाडीची भाजी केली की आंबटपणामुळे कढईतलं लोह भाजीत उतरतं आणि भाजी काळपट होते. तांदळाच्या कण्या, दाणे, वरून लसणाची लाल फोडणी. दिसायला डांबर, पण मी ती भाकरीसोबत दोनदा वाढून घेते. फक्त कढईतच ठेवायची नाही, झाल्या झाल्या दुसऱ्या भांड्यात काढायची, नाहीतर रात्रीपर्यंत धातूची चव येते. लेकाने ती भाजी पाहून 'आई, हे जळलंय' असं जाहीर केलं आणि तूप-साखर पोळी मागितली.

साखरेचंही सांगून टाकते. ७५ ग्रॅम ग्लुकोजचं ते गुळमट पाणी प्यायचं आणि दोन तासांनी रक्त द्यायचं, ही तपासणी सहाव्या महिन्यात झाली. १४० च्या आत आलं तर सुटलात. मी सुटले, पण काठावर. डॉक्टर म्हणाल्या, भाताचा डोंगर कमी करा, जेवल्यावर चाला, गोड बेतानं. त्यामुळे कोजागरीला माझ्या वाटीतलं दूध बिनसाखरेचं होतं. चारोळी, जायफळ, वेलदोडा सगळं घातलेलं, आटवल्यामुळे दुधाला स्वतःचीच गोडी आलेली. मला तर तेच जास्त आवडलं. ज्येष्ठ अपत्य म्हणून लेकाला ओवाळलं. त्याने ताम्हनातली सुपारी मागून घेतली आणि पोटाला लावून 'हे बाळाला' म्हणाला. मग स्वतःचं दूध संपवून बाळाच्या वाटणीचंही मागितलं.

आता मूळ मुद्दा. माझा ओटा सुटला आणि तो सासूबाईंच्या गळ्यात पडला, तर त्याला काही अर्थ नाही. त्यांचे गुडघे गेलेत. एका बाईचं ओझं उचलून दुसऱ्या बाईच्या डोक्यावर ठेवायचं आणि त्याला एकत्र कुटुंबाचे फायदे म्हणायचं, हे आपल्याकडे फार चालतं. २०१९ च्या सरकारी वेळवापर पाहणीत एक आकडा होता. घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात, करणारे पुरुष ९७ मिनिटं. आणि मुळात ते करणारे पुरुषच फार थोडे.

आमच्याकडच्या ९७ मिनिटांची सुरुवात फोडणीपासून झाली. नवरा इंजिनिअर आहे, म्हणून त्याने क्रम लिहून घेतला: तेल, मोहरी, जिरं, हिंग, हळद. क्रम बरोबर होता. पण मोहरी तडतडायची वाट बघायची असते हे कागदावर नव्हतं. तेल कोमट असतानाच त्याने सगळं ओतलं, मग घाबरून गॅस मोठा केला, हळद काळी पडली आणि घरभर ठसका. मी बाल्कनीत जाऊन उभी राहिले, आत गेले नाही. आत गेले असते तर कालथा माझ्याच हातात आला असता. आता तो वरण, भात, कोबी, दोडका, मुगाची उसळ इतकं निवांत करतो. सकाळचा डबाही त्याचाच. भाज्या निवडणं, कडधान्यं मोडाला टाकणं असं बसून व्हायचं काम सासूबाईंकडे. शेंगा सोलायला लेक, त्यातल्या निम्म्या त्याच्याच पोटात जातात. आणि शेजारच्या काकू मला म्हणतात, 'नशीब काढलंस बाई, नवरा स्वयंपाक करतो!' मी लग्नापासून रोज करत होते, तेव्हा त्याला कुणी नशीबवान म्हटल्याचं मला आठवत नाही.

या महिन्यापासून पोळ्यांना मावशीही लावल्या आहेत. परवा मी खुर्चीत पाय वर करून बसले होते, तर लाटता लाटता त्या म्हणाल्या, "बसा ताई, बसा. माझ्या तिन्ही वेळेला मी नवव्या महिन्यापर्यंत लोकांच्या पोळ्या लाटल्या. घरी जाऊन परत आमच्या." तक्रारीचा सूर नव्हता, म्हणून मला जास्त लागलं. मला पैसे देऊन ओट्यापासून सुटता येतं. त्यांना कोण सोडवणार होतं?

आपल्या राज्यात एक योजना आहे, शहरात फारशी कुणाला माहीत नसते. डॉ. ए.पी.जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना, २०१५ पासून. आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा बायकांना अंगणवाडीतून एक वेळचं ताजं, गरम, चौरस जेवण: भाकरी किंवा पोळी, भात, डाळ, पालेभाजी, शेंगदाण्याचा लाडू, अंडं. कोरडा शिधा घरी दिला तर तो सगळ्या घराच्या तोंडी लागतो, बाईच्या वाट्याला शेवटी उरलंसुरलं येतं. शिजवून समोर वाढलं तर ते तिच्या पोटात जातं. मला यातलं सगळ्यात शहाणपणाचं वाटतं ते 'शिजवून' हेच. शिजवणाऱ्याही बायकाच, आणि अंगणवाडीताईंना मिळणारं मानधन इतकं तुटपुंजं की २०२३ च्या डिसेंबरात त्यांना राज्यभर संप करावा लागला, तो भाग आहेच. पण निदान गरोदर बाईला आयतं ताट मिळायला हवं, हे कुठल्यातरी शासन निर्णयात आलं. चार खोल्यांच्या, फ्रिज-मिक्सरच्या घरांमध्ये ते अजून यायचंय.

आता दिवाळी तोंडावर आली. चकलीची भाजणी सासूबाईंनी भाजून दिली, दळून नवऱ्याने आणली. रविवारी तो आणि दीर सोऱ्या घेऊन बसणार आहेत, चकली तुटायला लागली की मी खुर्चीतून 'गरम पाण्याचा हात लाव' एवढंच सांगणार. चिवडा दीर करतो, तो त्याचा चांगलाच होतो. शेव आणि शंकरपाळे गल्लीतल्या बचतगटाकडून विकत. अनारसे नाहीत. तीन दिवस तांदूळ भिजवा, रोज पाणी बदला, वाळवा, कुटा, गुळात मुरवा आणि तुपात सोडल्यावर ते हसले तर आपण रडा, एवढा जीव यंदा कुणातच नाही. मावशींना बोनसबरोबर दिवाळीचे चार दिवस भरपगारी सुट्टी, त्या दिवसांत पोळ्यांऐवजी भात.

फराळाला या सगळे. 'यंदा घरी नाही का केलं सगळं?' असं ज्यांना विचारायचं असेल त्यांनी येताना आपल्या घरचं डबाभर घेऊन यावं. ओल्या नारळाच्या करंज्या चालतील, साखर जरा हात आखडून. आणि जेवून गेलात तर ताटं घासायचा साबण सिंकच्या डावीकडे आहे, पुरुषांनाही सापडतो.