उधारीची वही

परवा दुकानात एका ओळखीच्या गिऱ्हाइकाने विचारलं, "काका, तुम्ही भावाला माफ केलं म्हणे? देवमाणूस आहात हो." मी साखर मोजत होतो, काही बोललो नाही. पण हे आता चौथ्यांदा झालं, म्हणून एकदाच लिहून टाकतो. लांब आहे, सवडीने वाचा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मे २०२२. श्रीरामपूरला मामेभावाचं लग्न होतं. मी आणि बायको दुकानापायी लवकर परतलो. लेक मागे राहिली. दहावीची परीक्षा संपली होती, करू दे मजा म्हटलं. धाकटा भाऊ तिला पिकअपमधून घेऊन येणार होता. पहाटे नाशिकजवळच्या शिंदे-पळशापाशी, घर अगदी हाकेवर आलेलं असताना, त्याचा डोळा लागला. रस्त्याच्या कडेला मागचे दिवे नसलेला ट्रक उभा होता. ती डाव्या बाजूला बसली होती. भावाचं मनगट मोडलं.

आम्ही आजोबांपासून ख्रिस्ती, मंडळी, म्हणजे आमचं चर्च, नाशिकच्या शरणपूरचं. पण खरं सांगायचं तर माझा ख्रिस्त म्हणजे नाताळची चांदणी, करंज्या आणि वर्षातून दोनदा इस्त्रीचा शर्ट. मातीच्या दिवशी लोक कानाशी येऊन सांगत होते, "भावाला माफ करून टाका. त्या ग्लॅडिसबाईंनी नाही का केलं?" १९९९ च्या जानेवारीत ओडिशात मनोहरपूरला मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन मुलं, फिलिप आणि तिमथी, गाडीत जिवंत जाळली गेली आणि त्यांच्या पत्नीने, ग्लॅडिसबाईंनी, मारणाऱ्यांना क्षमा केली, हे मीही ऐकून होतो. पण पोरीची पेटी अजून झाकलेली नाही आणि तुम्ही मला उदाहरणं देता? त्या दिवशी मला त्या बाईंचासुद्धा राग आला. कुणाच्या घरी माती असेल तर एवढं कराच : हे वाक्य घरी ठेवून जा.

आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी तसलं काही केलं नाही. ते संध्याकाळी यायचे आणि तांदळाच्या पोत्यावर बसून राहायचे. एकदाच म्हणाले, "मेलेल्या लाजरला उठवणार हे प्रभूला माहीत होतं. तरी कबरेपाशी तो रडला." आणि उठून गेले.

बायकोसाठी म्हणून मी रविवारी उपासनेला जाऊ लागलो. प्रभूची प्रार्थना सुरू झाली की "जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे" या ओळीला मी तोंड मिटायचो. लहानपणापासून पाठ, पण अर्थाकडे कधी लक्षच गेलं नव्हतं. "सोडू" नाही, "सोडले आहे". देवासमोर उभं राहून खोटं कशाला बोलायचं?

मी किराणावाला माणूस. ऋण म्हटलं की मला उधारीची वही दिसते. लॉकडाऊनमध्ये मी काही घरांची उधारी सोडली होती. सोडलेली उधारी हवेत विरत नाही. गिऱ्हाईक सुटतं आणि तेवढी रक्कम माझ्या गल्ल्यातून जाते. भरावी लागतेच, फक्त भरणारा बदलतो. क्रुसावर काय झालं ते मला इतक्या वर्षांच्या प्रवचनांतून कळलं नव्हतं, ते या वहीतून कळलं. आणि काट मारायच्या आधी बेरीज करावी लागते. "जाऊ द्या, झालं ते झालं" म्हणणारे बेरीज न करताच पान फाडा म्हणतात.

बायबलात मत्तयाच्या अठराव्या अध्यायात क्षमा न करणाऱ्या चाकराचा दाखला आहे. एका चाकराला राजा दहा हजार तलांत सोडतो. तोच चाकर शंभर दिनारांसाठी सोबत्याची मानगूट धरतो. मी हिशेब मांडला. दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, तलांत म्हणजे साधारण ६ हजार दिनार. म्हणजे राजाने सोडले ६ कोटी दिवस. पण शंभर दिवसांची मजुरीसुद्धा थोडी नाही हो! गरिबाचं घर तीन महिने चालतं त्यावर. तुझं नुकसान किरकोळ आहे असं येशू कुठेच म्हणत नाही. हे दिसलं तेव्हा त्याच्यावर माझा पहिल्यांदा विश्वास बसला.

आता जे लिहिणार आहे ते गिऱ्हाइकाला सांगता आलं नसतं.

२०२४ च्या गुड फ्रायडेला दुपारी बारा ते तीन चर्चमध्ये उपासनेला बसलो होतो. क्रुसावरच्या सात उद्गारांपैकी पहिलाच : हे बापा, यांना क्षमा कर, ते काय करतात हे यांना समजत नाही. मला तर समजत होतं. अपघाताच्या आदल्या रात्री भावाचा फोन आला होता. "दादा, दोन रात्री झोप नाही, पहाटे निघतो." मी म्हणालो, "पहाटे कसला? आत्ताच निघ. सकाळी माल उतरवायला तू पाहिजेस." हे मी पोलिसांना सांगितलं नव्हतं. त्यानेही सांगितलं नव्हतं. वहीत त्याच्या पानामागे माझं पान होतं आणि मी दोन वर्षं ते उलटलं नव्हतं.

रात्री बायकोला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं नाही. "मला माहीत आहे," ती म्हणाली. "मी आतून ऐकलं होतं तुमचं बोलणं." दोन वर्षं ही बाई माझ्या ताटात वाढत होती, माझा शर्ट धूत होती, आणि एकदाही तोंडावर आणलं नाही. मी ओट्याला धरून खाली बसलो. तिने तव्यावरची पोळी उलटली, गॅस बारीक केला आणि माझ्याशेजारी येऊन बसली. पोळी करपली.

भाऊ तेव्हा दिंडोरीकडे एका द्राक्षबागेत कामाला होता. गाडीला त्याने पुन्हा हात लावलेला नाही. मी फोन केला आणि पहिल्यांदा माझंच सांगितलं. तो आठवड्याने एसटीने आला आणि गिऱ्हाइकासारखा काउंटरच्या पलीकडे उभा राहिला. मलाही "आत ये" म्हणवेना. शेवटी आतून बायकोच म्हणाली, "भाऊजी, चहा टाकलाय."

राग गेला का? नाही. पिकअपचा हॉर्न ऐकला की अजून पोटात कळ येते. कधी कधी त्याला जेवताना बघून वाटतं, याचं मनगटच कसं मोडलं फक्त? मग परत काट मारावी लागते. सत्तर गुणिले सात वेळा क्षमा कर, हे येशूने मोठ्या मनासाठी सांगितलंय असं मी समजत होतो. तेच एक ऋण रोज नव्याने मागायला उठतं, म्हणून सांगितलं असावं.

आणि हो, "मग केस मागे घेतली का?" असं विचारणाऱ्यांना : कलम ३०४-अ, म्हणजे निष्काळजीपणाने मृत्यू, तडजोडीने मिटत नाही, ती केस सरकारची असते. स्टेन्सबाईंनी क्षमा केल्यावरही खटला चाललाच. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेप कायम ठेवली. मीही साक्ष फिरवणार नाही. फोनवर मी काय बोललो तेही आता सांगणार आहे. वकील म्हणतात गरज नाही. मला आहे.

तारीख पुढच्या महिन्यात आहे. भाऊ आदल्या रात्री आमच्याकडे मुक्कामाला येतोय. सकाळी दोघं सिटीलिंकच्या बसने कोर्टात जाऊ. त्या दिवशी दुकान बंद राहील, दूध-ब्रेड आदल्या दिवशीच घेऊन ठेवा.