शोधायचे पैसे

गेले तीन आठवडे माझी गाडी बंद होती. आता सुरू झाली आहे, नीट चालतेय. पण ज्या माणसाने ती सुरू केली त्याने मागितलेली मजुरी ऐकल्यापासून मन थाऱ्यावर नाही. मला त्याबद्दल लिहायचंय, पण आधी काय घडलं ते सविस्तर सांगतो. बॅटरी बदलणं म्हणजे दहा मिनिटांचं काम असं आपण सगळेच धरून चालतो, मीही धरून चाललो होतो.

गाडी २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक. बॅटरीला चार वर्षं झालेली. आईला डोळे दाखवायला कोल्हापूरहून मिरजेला न्यायचं होतं आणि नेमका त्याच सकाळी सेल्फ नुसता टकटक करून थांबला. जवळच्या दुकानात फोन केला. अर्ध्या तासात एक पोरगा दुचाकीवर नवी बॅटरी घेऊन आला. पाऊस लागला होता, मी त्याच्या डोक्यावर छत्री धरून उभा. जुनी काढली, नवी ठेवली, पण मायनसच्या काळ्या केबलच्या टोकाचा क्लॅम्प काही केल्या बसेना. त्याने स्क्रूड्रायव्हर घालून तो फाकवला आणि पान्याने ठोकून बसवला. दुसरी केबल टेकवली तशी मोठी ठिणगी उडाली आणि जळका वास आला. चूक त्याच्या लगेच लक्षात आली. बॅटरी फिरवून ठेवून त्याने केबली पुन्हा नीट लावल्या, पण तोवर गाडी मेली होती. मीटर नाही, लॉक नाही, हॉर्न नाही, आतला दिवासुद्धा नाही.

झालं असं होतं, की माझ्या गाडीला लागते ३८बी२०एल नंबरची बॅटरी आणि दुकानातून आली होती ३८बी२०आर. खोका तोच, उंची-लांबी तीच, शेवटचं अक्षर तेवढं वेगळं. त्या एका अक्षराने प्लस आणि मायनस जागा बदलतात. गाडीच्या केबली मोजून मापून कापलेल्या असतात, त्या आपापल्या नेहमीच्या बाजूलाच पोचतात, म्हणजे या बॅटरीवर थेट चुकीच्या खांबावर. बॅटरी बनवणाऱ्यांनी ही चूक होऊ नये म्हणून एक सोय करून ठेवलेली आहे: प्लसचा खांब मायनसपेक्षा साधारण दीड-पावणेदोन मिलिमीटरने जाड असतो. मायनसचा क्लॅम्प प्लसवर सहज बसतच नाही. तो बसत नव्हता तेव्हा बॅटरीच सांगत होती, की थांब, चुकतोयस. हे त्या पोराला कुणी शिकवलं नव्हतं. मलाही माहीत नव्हतं. तो असेल अठरा-एकोणीस वर्षांचा, भीतीने पांढराफटक पडला होता. मला त्याचा राग आला नाही, आजही नाही. दुकानदाराचा आला. त्याने बॅटरी बदलून दिली आणि वर म्हणाला, "साहेब, फॉल्ट गाडीतच होता."

आईला रिक्षाने स्टँडवर आणि तिथून एसटीने नेलं. गाडी टो करून एका सर्व्हिस सेंटरला गेली. त्यांनी मेन फ्यूज उडालेला पाहिला, नवा टाकला, तो टाकल्या क्षणी उडाला. बिघाड वाचणारा स्कॅनर जोडला तर तो ईसीएमशी, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरशी, बोलेना. दुसऱ्या दिवशी एस्टिमेट हातात आलं: ईसीएम, बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर, मीटर आणि स्टिरिओ, सगळं नवीन, एकूण बासष्ट हजार. मी विचारलं, "ईसीएम गेलाय हे नक्की कशावरून?" उत्तर मिळालं, "उलटा करंट गेलाय ना सर, मग गेलाच असणार."

या 'असणार'वर माझा आक्षेप आहे. बासष्ट हजार रुपये एका अंदाजावर मागितले जात होते. ईसीएमची स्वतःची सप्लाय कुणी मोजली नव्हती, अल्टरनेटरची वायर सोडवून कुणी पाहिलं नव्हतं. तिथली मुलं वाईट होती असं मी म्हणणार नाही, कष्टाळू होती. पण मोजायला वेळ लागतो आणि त्या वेळाचा बिलात रकानाच नाही. पार्ट बदलला की बिल होतं. दोन तास शोधत बसलं तर कुणाच्या खात्यात जमा होणार?

शेजारच्यांनी सांगितलं, उद्यमनगरात एक जुने वायरमन आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात, त्यांना दाखवा. गाडी तिकडे ओढून नेली. मामांचं वय पासष्टच्या आसपास. पत्र्याची शेड, एक लाकडी बाक, व्होल्ट-करंट मोजायचा मल्टिमीटर आणि दोन वायरी सोल्डर केलेला एकवीस वॅटचा बल्ब. मी एस्टिमेट पुढे केलं. त्यांनी ते घडी घालून परत दिलं. "मोजल्याबिगर काय बी सांगायचं न्हाई बगा. ठेवा गाडी."

पुढचे अडीच दिवस, सुट्टी काढून, मी बराच वेळ त्या बाकावर बसून होतो. जे पाहिलं ते लिहून ठेवण्यासारखं आहे.

सगळ्यात आधी त्यांनी बॅटरी सोडवली. मायनस आधी, मग प्लस. हा क्रम का, तेही सांगितलं: गाडीची सगळी बॉडी म्हणजे मायनस. प्लस आधी सोडवायला गेलं आणि पाना बॉडीला टेकला, तर पान्यातूनच शॉर्ट होतो. लावताना याच्या उलट, मायनस शेवटी. बॅटरी बाहेर ठेवून मोजली, १२.६ व्होल्ट, म्हणजे भरलेली आणि धडधाकट. मग मेन फ्यूज, तो नटाने कसलेला ऐंशी अँपिअरचा. त्यांनी नवा टाकला नाही. उडालेल्या फ्यूजच्या जागी त्यांनी तो बल्ब जोडला आणि बॅटरी लावली. बल्ब लख्ख पेटला. "हे बगा. म्होरं शॉर्ट हाय. आता फ्यूज टाकला असता तर तो बी गेला असता." बल्ब मध्ये असला की पावणेदोन अँपिअरच्या वर करंट जातच नाही, म्हणून काही जळत नाही, आणि शॉर्ट आहे की नाही ते डोळ्यांना दिसतं. मग अल्टरनेटरवरची जाड वायर सोडवून तिच्या तोंडाला टेप गुंडाळली. बल्ब विझला.

एवढ्यात अर्धं गूढ सुटलं होतं. आपल्याकडे ज्याला अजूनही डायनामो म्हणतात त्या अल्टरनेटरमध्ये सहा डायोड असतात. डायोड करंट एकाच दिशेने जाऊ देतो. बॅटरी सुलटी असते तेव्हा ते दार बंद असतं. उलटी लावली की सगळी दारं एकदम उघडतात आणि बॅटरी आपली सगळी ताकद त्यांतून ओतते. मेन फ्यूज वितळेपर्यंतच्या त्या क्षणात माझ्या गाडीचे प्लस आणि मायनस अशा दोन्ही बाजूंचे मिळून तीन डायोड आरपार झाले होते. सर्व्हिस सेंटरमध्ये नवा फ्यूज टिकत नव्हता तो या डायोडांमुळे. ईसीएमचा त्याच्याशी संबंध नव्हता.

मग छोटे फ्यूज. बॉक्समधला एकेक फ्यूज, नुसता डोळ्यांनी नाही, दोन्ही पायांवर मल्टिमीटर लावून. निळा पंधराचा ईसीएमच्या सप्लायचा, तो गेलेला. लाल दहाचा, ज्यावर स्कॅनरचं सॉकेट चालतं, तोही गेलेला. या सॉकेटच्या (त्याला ओबीडी म्हणतात) सोळा नंबरच्या पिनवर कायम बारा व्होल्ट यायला हवेत, तिथे शून्य होतं. सॉकेटलाच करंट नाही आणि ईसीएमलाही नाही, मग स्कॅनर बोलणार कुणाशी? दोन्ही फ्यूज टाकले, तसा ईसीएम बोलायला लागला. त्याच्या आत अशा प्रसंगासाठी संरक्षण असतं, त्याने आणि त्या पंधरा अँपिअरच्या फ्यूजने आपलं काम केलं होतं. दर वेळी असंच होईल असं नाही, ईसीएम खरोखर जळाल्याच्या गाड्याही मामांनी पाहिल्यात. पण माझा जिवंत होता आणि तो कचऱ्यात जाणार होता.

अल्टरनेटरचा छोटा कनेक्टरही काढून ठेवला आणि नुसत्या बॅटरीवर सेल्फ मारला. इंजिन सुरू झालं. बाकावरून उठून मी गाडीच्या टपावर हात ठेवला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते इथे सांगायला मला संकोच वाटत नाही. ही गाडी बाबांनी त्यांच्या निवृत्तीच्या पैशांतून घेतलेली आहे.

नंतर अल्टरनेटर उघडून डायोड प्लेट बदलली, कार्बन तपासले, रेग्युलेटर ठीक निघाला. चार्जिंग १४.२ व्होल्ट, म्हणजे बरोबर. स्टिरिओच्या आत सप्लायवर एक छोटा डायोड होता, तो शॉर्ट होऊन प्रत्येक वेळी फ्यूज उडवत होता. वाटाण्याएवढाही नसलेला तो भाग बदलला आणि स्टिरिओ वाजू लागला.

माझ्या मते खरी विद्वत्ता दिसली ती तिसऱ्या दिवशी. गाडी घरी नेली आणि नवंच सुरू झालं: सेल्फ मारताना डॅशबोर्डवरचं मीटर लुकलुकायचं आणि पॉवर स्टिअरिंगचा दिवा लागून राहायचा. मी मनात म्हटलं, स्टिअरिंगचं युनिटही गेलं. परत नेली. मामांनी युनिटकडे पाहिलंही नाही. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या मायनस खांबाच्या शिशावर टेकवली, दुसरी त्याच खांबावर बसलेल्या क्लॅम्पवर, आणि मला सेल्फ मारायला सांगितलं. एकमेकांना चिकटलेल्या दोन वस्तूंमध्ये फरक दिसायला नको, फार तर ०.१, ०.२ व्होल्ट. मल्टिमीटरवर आले १.१. तोच क्लॅम्प, पहिल्या दिवशी स्क्रूड्रायव्हरने फाकवलेला. नट कसला होता तरी आतून नीट धरत नव्हता. सेल्फ शेकडो अँपिअर ओढतो, तेवढ्या करंटला ढिली पकड पुरत नाही, स्टिअरिंगला व्होल्टेज कमी पडतं आणि ते दिवा लावून तक्रार करतं. नवा क्लॅम्प बसवला, गाडीने नोंदवलेले बिघाडाचे कोड पुसले, विषय संपला. शेवटी गाडी बंद करून, दारं लावून, अर्धा तास थांबून त्यांनी झोपेतला करंट मोजला, ०.०३ अँपिअर. ०.०५ च्या आत असला की रात्रीत बॅटरी उतरत नाही.

आता पैशांचं. सगळ्या सामानाचे मिळून चार हजार दोनशे झाले. मजुरी किती, म्हटल्यावर मामा म्हणाले, "द्या पंदराशे." अडीच दिवसांचे, आणि तिसऱ्या दिवशी परत पाहिलं त्याचे धरून.

मी म्हटलं, हे फार कमी आहे. त्यांचं उत्तर माझ्या डोक्यातून जात नाही. "पार्ट घातला की लोक पैसं देत्यात साहेब. शोदायचं म्हटलं की म्हनत्यात, तुमी नुसतं बगितलंसा की."

हे आपल्याबद्दल आहे. तपासून 'काही नाही, घरी जा' म्हणणाऱ्या डॉक्टरची फी आपण देतो. पण वायरमनने दोन तास शोधून एक दहा रुपयांचा फ्यूज बदलला, तर आपण दहा रुपये आणि वर पन्नास ठेवतो आणि त्याने लुटलं नाही याचं समाधान मानतो. असं असताना त्याने कुणासाठी शोधावं? मग हुशार माणूसही शिकतो, की शोधू नये, बदलावं. सर्व्हिस सेंटरचं ते एस्टिमेट माझ्यासारख्या गिऱ्हाइकांनीच वर्षानुवर्षं घडवलंय असं मला आता वाटतं. मामांकडे गेल्या काही वर्षांत दोन मुलं शिकायला आली, दोघंही सहा-सहा महिन्यांत गेली. त्यांचा स्वतःचा मुलगा या कामात नाही. ज्या शेडमध्ये माझा बासष्ट हजारांचा खर्च टळला तिथे उद्या कोण बसणार हे मामांना ठाऊक नाही.

माझी मागणी साधी आहे. गाडी बिघडली की आधी निदानाचे पैसे ठरवा, वेगळे, आणि काही बदलावं न लागलं तरी ते द्या. "मोजून दाखवा" म्हणायला लाजू नका. आणि बॅटरी घरी आली की काढण्याआधी जुनीचं शेवटचं अक्षर नवीशी ताडून बघा. क्लॅम्प बसत नसेल तर तिथेच हात धरा.

मजुरीचे मी मामांना पाच हजार दिले. ते घेत नव्हते, खूप आग्रह करावा लागला. शेवटी मी पावती मागितली, आणि म्हटलं, सामान वेगळं लिहा आणि शोधण्याचं वेगळं. त्यांनी डायरीचं पान फाडलं, पेन हातात धरून थांबले आणि विचारलं, "त्येला काय म्हनून लिव्हू?"

मी म्हटलं, "फॉल्ट शोधला, असं लिहा." त्यांनी सावकाश, ठळक अक्षरांत तसंच लिहिलं आणि समोर आकडा टाकला.