आजोबा कशानं गेले?

तिशी-पस्तिशीतल्या कुणाला मोठ्या आतड्याचा कर्करोग झाला की आपल्याकडे पहिला वाद होतो तो कारणावर. मैदा, पाकिटातलं खाणं, जागरणं, बैठं काम, फवारलेल्या भाज्या, प्लास्टिकचे डबे. ज्याला जे पटतं ते तो हिरिरीनं मांडतो. दुसरा वाद आम्हा परदेशात राहणाऱ्यांच्या वाट्याला येतो. उपचार तिकडेच घ्यायचे, की सरळ निघून यायचं? माझं निदान झालं तेव्हा मी 34 वर्षांची होते, इंग्लंडमध्ये नोकरी करत होते, आणि हे दोन्ही वाद आमच्या घरात बरेच दिवस रंगले. तिसरा प्रश्न मात्र कुणी काढला नाही. आपल्या घरात याआधी हा आजार कुणाला झाला होता, कितव्या वर्षी, आणि ते आपण एकमेकांना सांगितलं होतं का? तरुण रुग्णाच्या बाबतीत मला हाच प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

कारणांची चर्चा निरर्थक आहे असं मी म्हणणार नाही. जगभरात काहीतरी बदलतंय हे खरं आहे. अमेरिकेतल्या नोंदींनुसार 1950 च्या सुमारास जन्मलेल्यांना ज्या वयात जेवढा धोका होता, त्याच वयात 1990 च्या सुमारास जन्मलेल्यांना मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा दुप्पट आणि गुदाशयाच्या कर्करोगाचा चौपट धोका आहे. 2025 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात 11 देशांतल्या 981 रुग्णांच्या गाठींचा जनुकीय अभ्यास प्रसिद्ध झाला. आतड्यातले काही जिवाणू कोलिबॅक्टिन नावाचं विष तयार करतात. त्या विषाच्या खुणा सत्तरीपुढच्या रुग्णांपेक्षा चाळिशीच्या आतल्या रुग्णांच्या गाठींत तिपटीहून जास्त आढळल्या. लठ्ठपणा, दारू, प्रक्रिया केलेलं मांस यांचा हात तर आधीपासून ठाऊक आहे. पण ही सगळी माहिती लाखो माणसांचा हिशेब सांगते. समोर बसलेल्या एका माणसाला हा आजार का झाला, याचं उत्तर बहुधा तिच्यातून निघत नाही. तरीही आपण ते काढायला बसतो. माझी आई कितीतरी रात्री हेच म्हणत राहिली, “पोरगी होस्टेलवर गेली तेव्हापासून तिचं खाणंपिणं बिघडलं, मीच लक्ष दिलं नाही.” आजार म्हणजे कुणाची तरी चूक असं एकदा ठरलं की माणूस तो झाकायला लागतो. माझा आक्षेप आहे तो इथे.

इकडे की तिकडे, या वादात माझ्या बाबांची बाजू लंगडी नव्हती. शौचावाटे रक्त पडतंय म्हणून मी इथल्या डॉक्टरांकडे गेले, तेव्हा वय पाहून मला मूळव्याधीचं मलम मिळालं. दुसऱ्यांदा गेले तेव्हा शौचातलं न दिसणारं रक्त मोजणारी चाचणी झाली. तिला इथे ‘फिट’ म्हणतात. आकडा 10 मायक्रोग्रॅमच्या वर गेला की संशयित कर्करोगाच्या तातडीच्या रांगेत नाव लागतं. माझा पुष्कळच वर होता. बाबा फोनवर म्हणत होते, “इथे थेट पोटाच्या डॉक्टरांकडे जाता येतं गं, दोन दिवसांत दुर्बीण घालून मोकळे होतात.” शहरात राहणाऱ्या आणि खिशात पैसे असणाऱ्या माणसासाठी ते अगदी खरं आहे. पण मलम तिकडेही मिळालं असतं. मूळव्याध-भगंदराच्या पाट्या आपल्याकडे गावोगाव आहेत, आणि कितीतरी तरुण त्या पाटीखाली वर्ष-वर्ष काढतात. पहिल्या टप्प्यात सापडलेले दहापैकी नऊ रुग्ण पाच वर्षांनंतरही हयात असतात. चौथ्या टप्प्यात सापडलेल्यांपैकी जेमतेम एखादा. उशिराची किंमत दोन्हीकडे सारखीच मोजावी लागते.

सरकारी तपासणीचा आधारही या वयात दोन्हीकडे नाही. इंग्लंडमध्ये दर दोन वर्षांनी ‘फिट’चा संच टपालानं घरी येतो, पण 50 ते 74 या वयातच. ब्रिटनमध्ये दरवर्षी सुमारे 44,000 जणांना हा आजार होतो आणि त्यांतले अडीच हजारांहून अधिक पन्नाशीच्या आतले असतात. भारताच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तिशीपुढे तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाची तपासणी आहे, आतड्याची नाही. ती सरसकट सुरू करा, अशी मागणी अलीकडे ऐकू येते. मला ती पटत नाही. भारतात या आजाराचं प्रमाण ब्रिटनच्या कितीतरी खाली आहे. आपल्या रुग्णालयांत तरुण रुग्ण ठळकपणे दिसतात, त्यामागे आपली लोकसंख्याच तरुण असणं हेही एक कारण आहे. लाखो धडधाकट माणसांच्या कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीतून तपासण्या, करण्याइतके डॉक्टर आपल्याकडे नाहीत. आधी ज्याला रक्त पडतंय त्याला वय न बघता तपासा. मग ज्यांच्या घरात आजार आहे त्यांना शोधा.

मी इथेच राहिले, कारण व्हिसा नोकरीला बांधलेला होता. 2010 च्या समानता कायद्यानुसार कर्करोगाचा रुग्ण निदानाच्या दिवसापासून अपंगत्वाच्या संरक्षणाखाली येतो, आणि त्याला झेपेल अशी कामाची सोय करणं मालकावर बंधनकारक असतं. व्हिसासोबत आरोग्यसेवेचा भरमसाट अधिभार आधीच भरलेला होता, त्यामुळे शस्त्रक्रियेचं किंवा केमोचं बिल आलं नाही. माणसं मात्र नव्हती. केमोतल्या ऑक्सॅलिप्लॅटिन या औषधामुळे थंड वस्तूला हात लावला की बोटांत सुया टोचतात, गार पाणी घशाखाली उतरत नाही. आई येईपर्यंत फ्रीजमधून दूध काढायलाही मी लोकरीचे हातमोजे घालत होते. आपल्याकडे अशा वेळी घरात कुणी ना कुणी असतं. त्याची बरोबरी इथली कुठलीही यंत्रणा करू शकत नाही.

आता मूळ मुद्दा. इंग्लंडमध्ये 2017 पासून आतड्याच्या प्रत्येक कर्करोगाची, रुग्णाचं वय काहीही असो, लिंच सिंड्रोम या आनुवंशिक दोषासाठी चाचणी करावी अशी शिफारस आहे. पेशी विभागताना जनुकांत होणाऱ्या चुका दुरुस्त करणारी काही प्रथिनं असतात. ती ज्या जनुकांमुळे बनतात त्यांतल्या एकात जन्मतःच दोष असला, तर आतडं, गर्भाशय, बीजांडकोश यांचे कर्करोग लवकरच्या वयात होऊ शकतात. आई किंवा वडिलांपैकी एकात हा दोष असेल तर प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी. माझ्या गाठीत अशी दोन प्रथिनं सापडली नाहीत, आणि पुढे रक्ताच्या चाचणीत एमएसएच2 या जनुकातला दोष निघाला.

आनुवंशिकता विभागातल्या समुपदेशक बाईंनी कोरा कागद पुढे घेतला आणि घरातल्या एकेका माणसाबद्दल विचारलं. कोणता अवयव, कितव्या वर्षी, कशानं गेले? बाबांच्या बाजूचं मला सांगता आलं. आईच्या बाजूचं काहीच येईना. आजोबा, म्हणजे आईचे वडील, तरुणपणीच पोटाच्या दुखण्यानं गेले एवढंच आम्हाला सांगितलेलं. मोठ्या मावशीची पिशवी काढली होती, अंगावरून फार जायचं म्हणून. आईला फोन केला. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “तो कॅन्सरच होता गं. दोघांनाही. बोलायचं नाही असं तुझ्या आजीनं ठरवलं होतं.” आजोबा 44 व्या वर्षी गेले. मावशीचं ऑपरेशन 42 व्या वर्षी झालं.

आनुवंशिक कर्करोग ओळखण्यासाठी 1990 मध्ये अ‍ॅमस्टरडॅममध्ये एक निकष ठरला होता: नात्यातले किमान तीन रुग्ण, दोन पिढ्या, आणि त्यांतला निदान एक पन्नाशीच्या आतला. मावशीसारखा गर्भाशयाचा कर्करोग पुढे 1999 मध्ये या निकषात धरला गेला. माझ्या आजारापर्यंत कागदावर तीन नावं झाली. यातली दोन आधी माहीत असती, तर वेळेत चाचणी होऊन 25 व्या वर्षापासून दर दोन वर्षांनी माझी कोलोनोस्कोपी होऊ शकली असती. मला आजीचा राग येत नाही. तिच्या काळात कर्करोग म्हणजे मरण होतं, आणि घरात लग्नाच्या मुली होत्या. पण तिचं मौन आम्हा नातवंडांच्या पोटापर्यंत पोचलं.

लिंच सिंड्रोमची ओळखच मुळी एका बाईनं बोलल्यामुळे झाली. 1895 मध्ये मिशिगनमधल्या अ‍ॅन आर्बरला शिवणकाम करणाऱ्या पॉलिन ग्रॉस यांनी अ‍ॅल्ड्रेड वॉर्थिन या विकृतिशास्त्रज्ञांना सांगितलं की आमच्या घरात सगळे आतड्याच्या नाहीतर गर्भाशयाच्या कर्करोगानं जातात, मीही तशीच जाणार. वॉर्थिन यांनी त्यांच्या नातेवाइकांची नोंद ठेवली आणि 1913 मध्ये ती प्रसिद्ध केली. पॉलिन खरोखरच गर्भाशयाच्या कर्करोगानं गेल्या, पण पुढे त्याच कुटुंबात एमएसएच2 चा दोष सापडला. आज आमच्यासारख्या घरांना जी चाचणी मिळते, तिच्या मुळाशी ते सांगणं आहे.

आई तिकडेच चाचणी करून आली. दोष तिच्याकडूनच आला होता. मग प्रश्न मामाचा. तोही 50 टक्के धोक्यात, आणि त्याची दोन मुलं. मी फोन केला तेव्हा तो शांतपणे म्हणाला, “अगं, पोरीच्या लग्नाचं बघतोय. आत्ता हा विषय नको. तिला तरी कशाला घाबरवायचं?”

ही भीती खोटी आहे असं मी म्हणू शकत नाही. इथे बसून तसं म्हणणं सोपं आहे, कारण मला स्थळ बघायचं नाही. मुलीच्या घरात कर्करोग आहे हे कळल्यावर बोलणी थांबल्याची उदाहरणं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. पण स्थळवाल्यांना सांगणं वेगळं आणि त्या मुलीला सांगणं वेगळं. हा फरक आपल्याकडच्या चर्चेत पुसला जातो. चॅडविक बोसमन या अभिनेत्यानं 2016 मधल्या निदानापासून ऑगस्ट 2020 मध्ये 43 व्या वर्षी मृत्यू येईपर्यंत आपला मोठ्या आतड्याचा कर्करोग जगापासून खासगी ठेवला, आणि तो त्याचा हक्क होता. इंग्लंडच्या डेबोरा जेम्स यांना 35 व्या वर्षी त्याच आजाराचं निदान झालं. शौच, रक्त, सगळ्यावर त्या 2022 मध्ये जाईपर्यंत उघडपणे बोलत राहिल्या. दोन्ही वाटा मला मान्य आहेत. ज्याच्या शरीरात तोच दोष असू शकतो त्याच्यापासून लपवणं मात्र खासगीपणात बसत नाही.

इथेही हे सगळं सुटलेलं आहे असं नाही. 2020 मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयापुढे एका बाईंचा खटला होता. वडिलांना हंटिंग्टनचा, म्हणजे मेंदू हळूहळू निकामी करणारा आनुवंशिक आजार असल्याचं डॉक्टरांना ठाऊक होतं, पण मुलीला सांगायला वडिलांनी मनाई केली होती. न्यायालयानं तिचा दावा फेटाळला. मात्र रुग्णाचा गुप्ततेचा हक्क आणि धोक्यातल्या नातेवाइकाचं हित यांचा तोल पाहणं हे डॉक्टरांचं कर्तव्य ठरू शकतं, हे मान्य केलं. तरी इथले डॉक्टरही सहसा परस्पर फोन करत नाहीत. ते रुग्णाच्या हातात नातेवाइकांसाठी एक पत्र देतात, त्यात जनुकाचं नाव आणि नेमका दोष लिहिलेला असतो, आणि ते पोचवणं घरच्यांवर सोपवतात. आपल्याकडच्या मोठ्या कर्करोग रुग्णालयांतही गाठीची ही तपासणी होते. अहवालासोबत असं साध्या मराठीतलं पत्र मिळायला लागलं, तर ते खाण्यापिण्यावरच्या दहा व्याख्यानांपेक्षा जास्त उपयोगी पडेल.

मामाची एक अडचण मला उशिरा लक्षात आली. मुलीनं चाचणी केली आणि दोष निघाला, तर तो मामातही आहे हे आपोआप सिद्ध होतं. त्याला स्वतःबद्दल ते कळून घ्यायचं नसेल. तो हक्क त्याला आहे. पण मामेबहीण 27 वर्षांची आहे. तिला दोष नसण्याची शक्यता निदान असण्याइतकी तरी आहेच, आणि नसला तर ती या जादा धोक्यातून कायमची सुटते. असला तर कोलोनोस्कोपीत गाठ व्हायच्या आधीच आतड्यात उगवलेले मोड काढून टाकता येतात. काही वर्षं अ‍ॅस्पिरिन घेण्याचा फायदाही अशा लोकांत न्यूकॅसलच्या जॉन बर्न यांच्या अभ्यासातून दिसला आहे, अर्थात डॉक्टरांच्या सल्ल्यानं. मूल कधी हवं, गर्भाशय कधी काढायचं, हेही तिला घाईत न पडता ठरवता येईल. केमोच्या आधी बीजांडं गोठवण्याचा निर्णय मला निदानाच्या धक्क्यात घ्यावा लागला होता.

मामाचा आजार मी कुणाला सांगितलेला नाही, त्याला तो आहे की नाही हेच कुणाला माहीत नाही. माझा आजार माझा आहे, आणि तो कुणाला सांगायचा ते मी ठरवणार. तसं मामाला आधी कळवून मी मामेबहिणीला फोन केला, माझं निदान, आजोबा, मावशी, आई असं सगळं क्रमानं सांगितलं आणि पत्र पाठवलं. मामा सध्या माझ्याशी बोलत नाही. आईला त्याचं वाईट वाटतं, तरी ती माझ्या बाजूनं उभी आहे.

चार दिवसांनी मामेबहिणीचा फोन आला. तिला दोनच गोष्टी विचारायच्या होत्या: चाचणी कुठे करायची, आणि धाकट्या भावाचं काय. तो 22 वर्षांचा आहे. मी म्हटलं, आधी समुपदेशक गाठा, रक्त दोघांनीही आत्ताच द्यायला हरकत नाही, आणि दोष निघाला तर या जनुकाला कोलोनोस्कोपी पंचविशीपासून.