पद्मिनीला पाचवा गिअर

आमच्याकडे बाबांची प्रीमियर पद्मिनी आहे. १०८९ सीसी, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर आणि ते पण चारच. गावात काही प्रॉब्लेम नाही, पण सातारा रोडला लागलं की चौथ्यात इंजिन असं बोंबलतं की शेजारच्याशी पण ओरडून बोलावं लागतं. म्हणून हिला पाचवा गिअर द्यायचाच असं माझ्या डोक्यात बसलं, आणि एका रविवारी जुन्या बाजारातून जिप्सी किंगचा गिअरबॉक्स उचलून आणला. जिप्सीची ट्रान्सफर केस (चारही चाकांना ताकद वाटणारा डबा) वेगळी, मागे लटकवलेली असते, त्यामुळे बॉक्स सुटा मिळतो, आणि त्यातला पाचवा ओव्हरड्राइव्ह, म्हणजे इंजिनाच्या एका फेऱ्यात मागचा शाफ्ट एकाहून जास्त फेरे मारतो.

फक्त फियाटच्या, म्हणजे पद्मिनीच्या, इंजिनाची बोल्टची भोकं आणि मारुतीच्या बॉक्सची भोकं जुळत नाहीत. एकही नाही. मग मध्ये एक जाड अॅडॅप्टर प्लेट टाकायची, तिला काही भोकं इंजिनाच्या मापाची, काही बॉक्सच्या, आणि मधोमध एक मोठं. पोळपाटापेक्षा जरा मोठा लोखंडाचा तुकडा, बास!

बरं, मी राहतो कोथरूडला, डोक्यावर टेकडीवर गाड्यांच्या चाचण्या घेणारी अख्खी एआरएआय, आणि तिकडे चाकण-भोसरीला रात्रंदिवस गाड्यांचे पार्ट पडतायत. म्हटलं इथे नाही होणार तर कुठे होणार. भोसरीत एका वर्कशॉपवाल्याकडे गेलो.

"पीस किती?"

"एक."

"महिन्याला?"

"नाही हो, एकूण."

त्याने मला नीट बघून घेतलं आणि चहा सांगितला. पुण्यात न मागता चहा आला की समजायचं काम होत नाही. "सर, एका पीससाठी व्हीएमसीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनचं, सेटिंग मोडायचं, प्रोग्रॅम टाकायचा, परत जुनं सेटिंग लावायचं, तेवढ्यात माझे दोनशे पीस निघतात." चुकीचं काहीच बोलत नव्हता बिचारा. पुढच्याला ड्रॉइंग पाहिजे होतं, टॉलरन्ससकट (माप किती इकडेतिकडे चालेल ते), त्याच्या पुढच्याने जीएसटी नंबर विचारला. लाखो गाड्यांचे पार्ट करणाऱ्या गावात एका गाडीचा एक पार्ट करायला माणूस मिळेना.

दरम्यान पार्किंगमध्ये गिअरबॉक्स ऑइल गाळत बसलेला, आणि जो येईल तो आधी "आरटीओचं काय?" विचारणार. कोणालाही गिअर मोजता येत नाहीत पण आरटीओची काळजी सगळ्यांना.

शेवटी नाना पेठेत एका बोळात लेथवाले काका सापडले. मी वॉशिंग मशीनच्या खोक्याचा पुठ्ठा बॉक्सच्या तोंडावर ठेवून कडेने हातोडीने टकटक करून झकास छाप काढून नेला होता. काका म्हणाले, "पुठ्ठा राहू द्या, बॉक्स आणा. पुठ्ठ्यावर अर्धा सूत इकडेतिकडे जातं, आणि आपल्याला पाहिजे मिलिमीटरचा दहावा भाग." अर्धा सूत म्हणजे दीड मिलिमीटरच्या वर! खरं दुखणं बाहेरच्या भोकांचं नाहीच, ती प्लेटने जुळवता येतात. इंजिनाचा क्रँक आणि बॉक्सचा इनपुट शाफ्ट एका रेषेत यावे लागतात, नाहीतर पायलट बुश (शाफ्टचं टोक क्रँकमध्ये धरणारं छोटं बुश) झिजतं, क्लच प्लेटचा हब तुटतो आणि गिअर आपोआप सुटतात.

मग काकांनी फ्लायव्हीलवर (इंजिनाच्या मागच्या जड चाकावर) चुंबकाने डायल गेज, म्हणजे बारीक फरक दाखवणारं काट्याचं घड्याळ, चिकटवला, त्याचं टोक प्लेटच्या मधल्या भोकाला आतून टेकवलं, बोल्ट ढिले ठेवले आणि मला सांगितलं, फ्लायव्हील हाताने फिरवा, हळू. काटा तीस घरं इकडून तिकडे. "तीस फिरला म्हणजे सेंटर पंधरा सरकलंय," काका म्हणाले, आणि प्लेटला लाकडी हातोडीने एक टिचकी मारली. परत फिरवा. बावीस. परत टिचकी. एकोणतीस! काकांनी इंजिनाला उद्देशून एक शब्द वापरला तो इथे लिहिता येत नाही. असं करत करत काटा जवळपास हलेनासा झाला तेव्हा बोल्ट आवळून, भोकं पाडून, रीमरने ती नेमक्या मापाची करून डॉवेल पिना ठोकल्या, कारण बोल्ट फक्त आवळतात, जागा धरतात त्या पिना.

बाकीचं भराभर झालं. फियाटच्या मापाच्या क्लच प्लेटला जिप्सीचा हब रिव्हेट केला, प्लेटच्या जाडीने बॉक्स मागे गेला म्हणून गनमेटलचं लांब पायलट बुश, मागच्या चाकांकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट कापून बॅलन्स वगैरे.

आणि मग लिव्हर. पद्मिनीला पुढे अख्खा सोफा आहे, आणि त्यावर मधोमध आई बसते, कारण मागे तिला मळमळतं आणि खिडकीत वारा लागतो. नवीन लिव्हर उगवला बरोब्बर तिथेच. त्यात पहिला-दुसरा डावीकडे, म्हणजे थेट तिच्या गुडघ्यात, आणि पौड रोडला पहिल्या-दुसऱ्याशिवाय असतंच काय! मी म्हटलं आई, तू मागे बस. ती मागे बसली नाही, ती माझ्याबरोबर फॅब्रिकेशनवाल्याकडे आली. "अरे बाळा, हे माझ्या पायात येतंय, जरा त्याच्याकडे वाकव." त्या पोराने ना ड्रॉइंग मागितलं ना पीस विचारले. "हो आजी" म्हणाला आणि गॅस पेटवला.