१०२ किलोंचा माणूस आणि १६० चा बोर्ड

फोंड्याचा माझा मावसभाऊ येत्या डिसेंबरात ऑस्ट्रियाला चाललाय, डोंगरातल्या एका गावात हॉटेलच्या कामाला. उंची सहा फूट, वजन १०२ किलो. मी तसल्याच एका गावात दोन हिवाळे किचनात काढले आणि सुट्टीच्या दिवसांत हार्डबूट घालून अल्पाइन स्नोबोर्डवर कार्व्हिंग शिकलो. त्यामुळे म्हापशापासून फोंड्यापर्यंतच्या आमच्या गोतावळ्यात या विषयातला जाणकार मी एकटाच. वासरांत लंगडी गाय शहाणी, तशातला प्रकार.

तर गेल्या आठवड्यात त्याने मला एक फिरता मेसेज पाठवला. याआधी तिघांनी तो मला पाठवून झालाय. त्यात म्हटलंय: "वजन ९० किलोंच्या वर असेल तर १७५ सेंटिमीटरच्या खालचा अल्पाइन बोर्ड घेऊच नका. आखूड बोर्ड जड माणसाखाली वाकतो, वेगात थरथरतो, बर्फात रुततो. स्पर्धेतले तगडे गडी लांबच बोर्ड वापरतात. बोर्ड उभा धरला की हनुवटीच्या वर आला पाहिजे." खाली वजन आणि लांबीचा तक्ता. भावाने विचारलंय, "१७८ चा एक स्वस्तात मिळतोय, घेऊन टाकू?"

नको घेऊ. का ते सांगतो.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. नेहमीचा स्नोबोर्ड रुंद आणि लवचिक असतो, बूट मऊ असतात. अल्पाइन बोर्ड अरुंद आणि कडक. बूट स्कीच्या बुटांसारखे टणक, आणि दोन्ही पावलं बोर्डाच्या नाकाकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे, वळवून बांधलेली. रात्री यंत्राने दाबून कंगवा फिरवल्यासारख्या केलेल्या उतारावर हा बोर्ड कडेवर उभा करायचा. मग तो घसरत नाही, कापत जातो. मागे वळून पाहिलं तर सुरीने ओढावी तशी एकच बारीक रेघ दिसते. ती रेघ काढायची, यासाठीच सगळा खटाटोप.

आता "वाकतो" हा मुद्दा. मेसेजमधला सगळ्यात पटणारा हाच, आणि सगळ्यात उलटाही हाच.

डिचोलीकडे आमच्या कुळागरात व्हाळावर माडाच्या खोडाचा साकव होता. एका पावसात तो वाहून गेला तेव्हा आजोबांनी तसंच जाड खोड घेऊन थोडं खाली, व्हाळ रुंद होतो तिथे नवा साकव टाकला. जुन्यावरून नारळांची पाटी डोक्यावर घेऊन माणसं बिनघोर जायची. नव्यावर मधोमध पोचलं की खोड असं खाली जायचं की आजी रिकाम्या हातांनीसुद्धा त्यावर पाय ठेवेना. खोड तेवढंच जाड, माणसं तीच. वाढली होती फक्त लांबी. सुताराला हे सांगावं लागत नाही. जाडी तीच ठेवून फळीची लांबी दुप्पट केली, तर त्याच वजनाखाली ती आठपट वाकते. वजन दुप्पट केलं तर फक्त दुप्पट. बोर्ड म्हणजे काही दोन काठांवर टेकलेला साकव नव्हे, पण हिशोबाची जात तीच. एकाच बांधणीचे १७८ आणि १६० चे दोन बोर्ड घेतले, तर आखूड बोर्ड साधारण पाव हिश्शाने कमी वाकतो. म्हणजे जड माणसाखाली आधी वाकणार तो लांब बोर्ड.

मग तक्ता खोटा का? पूर्ण खोटा नाही, अर्धवट वाचलेला आहे. कारखान्यात एकाच मॉडेलचे चार आकार काढतात तेव्हा लांब आकारात लाकडी गाभाही जाड घालतात, कारण तो जड माणूस घेणार हे त्यांनी धरलेलं असतं. वजन पेलतो तो गाभा. तक्त्यावर छापली जाते ती लांबी. वाचणाऱ्याला वाटतं, वजन लांबीने पेललं. मागणीप्रमाणे एकेक बोर्ड हाताने बांधणारे कारागीर वजन आणि लांबी वेगवेगळी विचारतात, ते याचसाठी. १६० चाच बोर्ड ६० किलोंच्या माणसासाठी वेगळा होतो, १०२ किलोंच्या माणसासाठी वेगळा.

हे ज्ञान मला पुस्तकातून आलेलं नाही. माझा पहिला बोर्ड १७२ चा, जुना, गावातल्याच एकाकडून घेतलेला. माझं वजन तेव्हा ९४. लांब आहे म्हणजे आपल्याला चालेल, असं मीही याच तक्त्याच्या बळावर धरून चाललो. तो बांधलेला होता कोणा हलक्या माणसासाठी. तिसऱ्या दिवशी एका वळणात मी मनापासून कलंडलो, नाकाजवळचा भाग बर्फात घुसून दुमडला, बोर्ड जागच्या जागी थांबला आणि मी पुढे गेलो. खांदा दीड महिना दुखत होता. त्या अवस्थेत बटाट्याच्या गोणी उचलल्या आहेत. वळणात साठ अंशांपर्यंत कलंडलं की बोर्डावर पडणारा भार आपल्या वजनाच्या दुप्पट होतो. ९४ चे १८८ झाले होते, आणि खालची फळी मऊ. पुढे घेतलेला माझा बोर्ड १५८ चा, पण कडक. दुकानात तो दोन टोकांवर टेकवून मधे तळहाताने दाबून पाहिला तर जेमतेम हलला. तो आजही माझ्याकडे आहे.

"वेगात थरथरतो." इथे जरा आकडेमोड करावी लागेल.

बोर्डाची कड सरळ नसते, कमरेशी आत गेलेली असते. ती बाजूची कमान पुढे वाढवून पुरा गोल केला, तर त्या गोलाची जी त्रिज्या येईल ती त्या बोर्डाची साइडकट त्रिज्या. बर्फाला टेकणारी कड १४० सेंटिमीटर आणि कंबर अडीच सेंटिमीटर आत असेल, तर ही त्रिज्या जवळपास १० मीटर येते. कड १६० ची आणि कंबर तेवढीच आत, तर १३ च्या आसपास. बोर्ड जितका कलवाल तितकं वळण याहून आखूड होतं; साठ अंशांवर निम्मं.

आता कमाल वेग. न घसरता, निव्वळ कडेवर वळण घ्यायचं तर वेगाला मर्यादा आहे, आणि उताराचा परिणाम तूर्त बाजूला ठेवला तर ती ठरते गुरुत्वाकर्षण आणि साइडकट त्रिज्या या दोनच गोष्टींवर. १० मीटरच्या बोर्डाला ती ताशी ३६ किलोमीटरच्या आसपास येते, २० मीटरच्या बोर्डाला ५० च्या आसपास. त्यापुढे गेलात की बोर्ड कापणं सोडून घसरायला लागतो, कड धरते-सुटते, आणि तीच ती थरथर. गंमत अशी की या गणितात माणसाचं वजन कुठेच उरत नाही. बाहेर फेकणारं बल वजनाच्या प्रमाणात, खाली दाबणारं बलही वजनाच्याच प्रमाणात; दोन्ही बाजूंना येऊन ते कटून जातं. ६० किलोंची मुलगी आणि १०२ किलोंचा माझा भाऊ, त्या एका बोर्डाला दोघांसाठी मर्यादा एकच.

एक गोष्ट मात्र मेसेजवाल्याच्या बाजूने कबूल करतो. लांब सरळ उतारावर जड माणूस जास्त वेग पकडतो, कारण हवेचा विरोध वजनाच्या प्रमाणात वाढत नाही. पण म्हणून त्याला लांब बोर्ड द्यायचा? वेग आवरायचा तर वळण पुरतं मिटवता आलं पाहिजे, पार डोंगराकडे तोंड करण्यापर्यंत. २० मीटरच्या बोर्डावर पंचेचाळीस अंश कलंडून असं अर्धवर्तुळ काढायला २८ मीटर रुंदी लागते. गावाजवळच्या साध्या पिस्टवर, म्हणजे दाबलेल्या उतारावर, तेवढी जागा कुठली, आणि असली तर तिथे शाळेची पोरं एका ओळीत चाललेली असतात. १० मीटरच्या बोर्डाला १४ मीटर पुरतात. शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात कदंबची बस घालायची की स्कूटर, एवढा साधा सवाल आहे.

थरथरीचं दुसरं कारण बोर्डाच्या पोटात असतं. गाभ्याच्या वरखाली टायटॅनलचा पातळ पत्रा घातला की बर्फाचे दणके तो गिळतो. नाव ऐकून पुष्कळांना ते टायटॅनियम वाटतं; आहे ॲल्युमिनियमचा मिश्रधातू. पत्रा घातलेला आखूड बोर्ड बिनपत्र्याच्या लांब बोर्डापेक्षा शांत चालतो, हे मी दोन्हींवर उभा राहून सांगतो. आणि कडेला धार नसेल तर लांबी, पत्रा, काही उपयोगाचं नाही.

"बर्फात रुततो" हे ताज्या, भुसभुशीत बर्फाला लागू. गुलमर्गला गोंडोला, म्हणजे रोपवे, अफरवाट डोंगराच्या अंगावर वर सोडते, तिथे गुडघाभर बर्फात हा बोर्ड घेऊन कोणी उतरलं तर रुतणारच. १७८ चाही रुतेल, कारण तोही अरुंदच. तिथे रुंद बोर्ड आणि मऊ बूट हवेत. दाबलेल्या उतारावर तरंगायचं नसतंच. उलट तिथे कड रुतवायची असते. तेच वजन कमी लांबीवर आलं की टणक बर्फात कड जास्त चावते.

स्पर्धेचा दाखला देणाऱ्यांनी तर स्पर्धा पाहिलेलीच नसावी. दोन्ही शर्यती बर्फात रोवलेल्या दांड्यांमधून वळत उतरायच्या: दांडे जवळजवळ असतात त्या समांतर स्लॅलमला पुरुष साधारण १६० ते १६५ चा बोर्ड घेतात, लांब लांब असतात त्या समांतर जायंट स्लॅलमला १८० च्या वरचा. २०१४ च्या सोची ऑलिंपिकमध्ये हे दोन्ही प्रकार होते आणि दोन्हींची सुवर्णपदकं रशियाच्या व्हिक वाइल्डने जिंकली, तीन दिवसांच्या अंतराने. तीन दिवसांत त्याचं वजन काही बदललं नसणार. बदललं ते दांड्यांमधलं अंतर.

हनुवटीची मोजणी मऊ बुटांच्या बोर्डांतून आलीय, आणि तिथेही ती दुकानदाराच्या सोयीची. तिच्यावर जास्त शाई घालवत नाही.

पण आखूड बोर्डाची वकिली करताना त्याची खोड लपवणं बरं नव्हे. उंच माणसाचं धड वर असतं, त्यामुळे तो थोडा पुढेमागे झुकला तरी बोर्डाच्या नाकाशेपटाला मोठा झटका बसतो. १७८ ते पोटात घालतो, १६० जागीच हिशोब मागतो. दुपारी बर्फ मऊ होऊन ढेकळं झाली की हे फार जाणवतं. जड माणसाची कड तेव्हा खोल जाऊन बर्फच फोडते. मी दुपारी दोननंतर बोर्ड खांद्यावर टाकून खाली यायचो. तसंही चारला कांदे चिरायला हजर व्हावं लागायचं.

आणि आता मेसेजमध्ये अजिबात नसलेली गोष्ट, जी मोठ्या माणसाने सगळ्यात आधी बघायची: कंबरेची रुंदी. मोठ्या माणसाचे पायही मोठे. बुटाचा तळ ३२ सेंटिमीटरचा असेल आणि पाऊल आडव्यापासून नाकाकडे पंचेचाळीस अंश वळवून बांधलं, तर बोर्डाच्या आडव्या रुंदीत ते साडेबावीस सेंटिमीटर खातं. साठ अंशांवर बांधलं तर सोळा. त्यात तळाची स्वतःची रुंदी थोडी भर घालते. वीस सेंटिमीटर कंबरेच्या बोर्डावर पंचेचाळीस अंशांवरच्या पायाची टाच आणि चवडा बाहेर डोकावणार. कलंडला की बूट बर्फाला टेकतो, कड उचलली जाते आणि माणूस पाठीवर. याला बूट-आउट म्हणतात. सावध करत नाही, कधीही होतं. मग एक तर पावलं आणखी नाकाकडे वळवा, नाहीतर रुंद कंबर घ्या. साठाच्या पुढे माझे गुडघे कुरकुरतात, म्हणून मी रुंद कंबर घेतली. भावाला मिळतोय तो १७८ चा बोर्ड १८ सेंटिमीटर कंबरेचा, हे मी फोटोवरचा स्टिकर मोठा करून वाचलं. फुकट मिळाला तरी त्याच्या कामाचा नाही.

"तुझा १५८ देतोस?" असंही त्याने विचारून पाहिलं. बोर्ड माळ्यावर आहे. गोव्याच्या पावसात पोलादी कडेला जूनच्या पहिल्याच आठवड्यात गंज धरतो, म्हणून मे महिन्यात मी जुन्या इस्त्रीने तळावर मेण वितळवून ते कडांवरही जाड लिंपतो आणि खरवडत नाही. यंदा शेपटाकडची चार बोटं जागा सुटली होती, तिथे तांबूस पट्टा आलाय. तो घासून द्यायला हरकत नाही, पण तो बोर्ड ९४ किलोंसाठी घेतलेला आहे, १०२ साठी नव्हे. त्याला १६० ते १६५ च्या दरम्यानचा, एक पायरी अधिक कडक, निदान २१ च्या कंबरेचा बघ म्हटलं.

मावशीला हे सगळं फोनवर ऐकू येत होतं. "पळय रे, तो पडचो ना असो कितेंय दी," म्हणजे तो पडणार नाही असं काहीतरी दे, एवढंच ती म्हणाली. काल रात्री भावाचा फोटो आला: स्वयंपाकघराच्या लादीवर आडवा ठेवलेला बूट, शेजारी मेस्ताची, म्हणजे सुताराची, टेप. साडेबत्तीस.